एका मुलीची शाळा

आमच्या घरात एक शाळा होती आणि त्या शाळेत एकच मुलगी होती. ती माझी मोठी बहीण. चर्चच्या मंडळीत तिला शलोमी म्हणत, गल्लीत शालू, आणि मी ताई. जळगावजवळ पिंप्राळ्याला आमचं दोन खोल्यांचं भाड्याचं घर होतं. पुढच्या खोलीतल्या भिंतीचा एक चौकोन आईनं गवंड्याकडून सिमेंटनं गुळगुळीत करून घेतला होता आणि त्यावर काळा रंग दिला होता. घरमालकानं कुरकुर केली तेव्हा बाबा म्हणाले, घर सोडताना चुना मारून देऊ. त्या फळ्यासमोर ताईची खाट, टेकायला उशा, आणि मांडीवर ठेवायला साबणाच्या खोक्याची फळी. एवढीच शाळा. पण तिला कुणी 'घरगुती शाळा' म्हटलेलं माझ्या आईला चालायचं नाही. घरगुती पापड असतात, म्हणायची.

ताई दुसरीत असताना तिला ताप आला, सांधे सुजले, आणि तो ताप जाता जाता हृदयाची झडप खराब करून गेला. डॉक्टरांनी सांगितलं, जिने नकोत, धावपळ नको, महिन्याचं इंजेक्शन चुकवायचं नाही. जरा अंगानं भरली की मुंबईला नेऊन ऑपरेशनचं बघू. ती अंगानं कधी भरलीच नाही. शाळेत तिचा वर्ग वरच्या मजल्यावर होता. एकदा मधल्या सुट्टीनंतर ती जिन्यातच बसली ती उठेना. हेडमास्तर सज्जन होते. म्हणाले, नाव पटावर राहू द्या, परीक्षेपुरती आणा, खाली ऑफिसात बसवून पेपर घेऊ. बाकी वर्षभर तुम्ही घरी बघा. आई तेव्हा धरणगावच्या शाळेत शिक्षिका होती, रोज एसटीनं जाऊन येऊन करायची. तिनं नोकरी सोडली. आमच्या सगळ्या नातेवाइकांनी तिला वेड्यात काढलं. बाबा डाळमिलमध्ये मालाच्या वजनाचं काम बघत, तेवढ्याच पगारात पुढं घर चालायचं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "तुला झेपेल का?" आई म्हणाली, "प्रभू झेपवेल." माझ्या आईची बरीचशी वाक्यं तिथंच येऊन संपायची, आणि खरं सांगायचं तर झेपवायची तीच.

सकाळी ती आई असायची. मिलमधून बाबांना तुरीची चुरी मिळे, त्यामुळे आमच्याकडे अख्ख्या डाळीचं वरण फक्त नाताळात. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्याचा आवाज, लसूण-मिरची कुटल्याचा आवाज, आणि मधूनमधून तिचं गाणं, नेहमी एकाच कडव्यात अडकलेलं. अकरा वाजत आले की ती पातळ बदलायची, खांद्याला पिन लावायची, मनगटाला घड्याळ बांधायची आणि मागच्या दारानं बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुढच्या दारानं आत यायची. ताई सरळ बसून म्हणायची, "नमस्ते बाई." मग प्रार्थना, मग बायबलमधलं दिवसाचं वचन, मग हजेरी. "शलोमी." "हजर, बाई." एका मुलीची हजेरी, पण ती चुकली नाही. चार वाजेपर्यंत आई म्हटलेलं चालायचं नाही. पाणी हवं असलं तरी बाईंना विचारून. शेजारच्या काशीअक्कांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. अक्का खेड्यातून आलेल्या, पाटलाच्या घरच्या, बोलणं सगळं अहिराणी. "आपलीच माय, अन् तिलेच बाई म्हनस व ही पोर," म्हणाल्या. पुढं त्याच काशीअक्का शाळेच्या वेळात आमच्या दारावरून जाताना वाजणाऱ्या चपला हातात घ्यायच्या.

मी धडधाकट, म्हणून मला नगरपालिकेची शाळा. तिथं एका बाकावर आम्ही चौघी दाटीवाटीनं बसायचो आणि बाईंना माझं नाव दिवाळीपर्यंत पाठ झालेलं नसायचं. ताईचा मला हेवा वाटायचा. पोट दुखतं असं सांगून मी कधीकधी घरी राहायची आणि दाराआड बसून तिचे धडे ऐकायची. आईला ते कळत असणारच, कारण तिचा आवाज त्या दिवशी जरा मोठा असायचा. एका एप्रिलमध्ये वाळवणाच्या दिवसांत तिनं ताईला अपूर्णांक बिबड्यांवर शिकवले. ज्वारीचे ते पापडासारखे मोठाले बिबडे, खाटेवर मांडून त्यांचे अर्धे, पाव, आठवा करायचे, आणि गणित चुकलं की तो तुकडा मला खायला. ताई मुद्दाम चुकायची. तिचं गणित माझ्यापेक्षा किती पुढं होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून सांगते. शेवटी आई म्हणाली, "शलोमी, तुझ्या धाकट्या बहिणीचं पोट दुखत होतं ना आज?" तेव्हा तो तास संपला.

आमच्या मंडळीत अशी रीत होती की निकालानंतरच्या रविवारी पास झालेलं प्रत्येक मूल वेदीपुढं उभं राहून एक वचन म्हणे आणि पाळकसाहेब त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत. ताईला तेवढा वेळ उभं राहवत नसे. म्हणून उपासना संपली की मंडळीच आमच्या घरी यायची. अंगणात चपलांचा ढीग, आत घामाचा आणि मोगऱ्याचा वास, फैजपूरकडच्या एका कुटुंबानं आणलेला केळीचा घड, लिंबाचं सरबत. आई फळ्याशेजारी उभी राहून वर्षाचा अहवाल द्यायची, आणि त्यात लेकीची भीड नसायची. "भूगोलात हयगय झाली. अक्षर गेल्या वर्षीपेक्षा बिघडलं." लोक हसायचे, ताई उशीत तोंड लपवायची, मग वचन म्हणायची. आणि दुसऱ्या दिवशी, सोमवारी, पुढची इयत्ता सुरू. आमच्या शाळेला मे महिन्याची सुट्टी नव्हती. पावसाळ्यात ताईचे सांधे धरायचे, तेव्हा सुट्टी आपोआप व्हायची.

घरी शिकवणारे आम्ही एकटेच होतो असं नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवर येशूची शिकवण सांगत काम करणारे काही सुवार्तिक होते. तिथं शाळा नावाला, मास्तर पंधरा ऑगस्टला. ती माणसं आपली मुलं चुलीपुढं बसवून शिकवायची. धुळ्याच्या पाळकीणबाईंनी अशा सगळ्यांना मे महिन्यात मंडळीच्या आवारात दोन दिवस बोलवायला सुरुवात केली. मुलांची परीक्षा व्हायची, आयांना जरा माणसं भेटायची. पेपर माझी आई काढायची आणि शेवटी तिनंच धीराचे दोन शब्द बोलायचे असं ठरून गेलं होतं. आम्ही तिघी एसटीनं जायचो. त्या बायका दमलेल्या असायच्या, ते माझ्यासारख्या पोरीलाही दिसायचं. कुणी सांगे, वर्ष फुकट गेलं. कुणी सांगे, पोरगं ऐकत नाही, मी मारते आणि मग रडते. आई त्यांना म्हणायची, "एप्रिलमध्ये मलाही वाटतं की काहीच झालं नाही. मग मी फळ्यावरचं आजचं गणित बघते आणि गेल्या वर्षीचं आठवते. तुम्ही तेवढंच करा. बाकी प्रभू बघेल." आता माझ्या मोबाईलवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर वचन छापून धीर येतो, मंडळीतल्याच कुणाकुणाकडून. मी तो पुसून टाकते. आईचा धीर ऐकलेल्या माणसाला असला धीर पुरत नाही, त्याला मी काय करू?

ताई सातवीत होती त्या वर्षी, परीक्षा झाल्या आणि आमच्या मंडळीत विश्वास जागवणाऱ्या उज्जीवन सभा भरल्या. बाहेरगावचे एक वक्ते आले होते. उंच, आवाज भरदार, आणि बोलता बोलता डोळ्यांत पाणी यायचं ते खरं असायचं. आजही मी त्यांना लबाड म्हणणार नाही; लबाड असते तर सोपं झालं असतं. एका दुपारी पाळकसाहेब त्यांना आमच्याकडे चहाला घेऊन आले. त्यांनी ताईच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा समोर फळा होता, त्यावर आईच्या सुबक अक्षरात दिवसाचं वचन. त्यांनी विचारलं, "हे काय?" पाळकसाहेबांनी कौतुकानं सगळं सांगितलं. वक्त्यांनी ते ऐकून घेतलं. मग म्हणाले, "भगिनी, तुम्ही लेकीला बरं कर म्हणून देवाकडं मागता की नाही?"

"रोज," आई म्हणाली.

"आणि ती बरी होणार नाही असं धरून घरात फळा रंगवून ठेवता. एका हातानं मागता आणि दुसऱ्या हातानं परत करता. विश्वास असेल तर ही शाळा बंद करा. जूनमध्ये चार मुलींसारखी तिला शाळेत घाला. तुम्ही पाऊल टाका, पाणी तो दुभंगवेल."

आई चहाचे कप घेऊन आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाबा मिलमधून आले तेव्हा तिनं त्यांना सांगितलं. बाबांचे केस, भुवया नेहमीसारख्या डाळीच्या पिठानं पांढऱ्या झालेल्या. त्यांनी हातपाय धुतले, भाकरी खाल्ली, आणि मग म्हणाले, "शाळा तुझी आहे, तुला काय वाटतं ते कर. इंजेक्शन बंद होणार नाही. ते माझ्याकडं." इंजेक्शन बंद झालंही नाही. हे मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढं लोकांनी नाही नाही ते जोडलं.

त्या वर्षीच्या निकालाच्या रविवारी आईनं अहवाल दिला नाही. सगळ्यांसमोर म्हणाली, "आजपासून ही शाळा बंद. शलोमी आठवीला शहरातल्या मुलींच्या शाळेत जाईल. प्रभू तिला नेईल." मंडळीनं आमेन म्हटलं, बायकांनी डोळे पुसले, कुणीतरी गीत सुरू केलं. मला तर उड्या माराव्याशा वाटल्या. आम्ही दोघी बरोबर शाळेला निघणार होतो. सोमवारी आईनं चुन्याची बादली भिजवली आणि फळ्यावर ब्रश फिरवला. काळा रंग चुन्याला दाद देईना. दुसरा हात दिला, तिसरा दिला, तरी भिंतीवर करड्या रंगाचा चौकोन दिसतच राहिला. ताई खाटेवरून बघत होती. तिनं विचारलं, "बाई, आता वेळ कसा जाईल?" आई म्हणाली, "मी आता बाई नाही. आई म्हण." शिंप्याकडे निळा स्कर्ट आणि पांढरा ब्लाऊज टाकला. त्या वर्षी आम्ही धुळ्याला गेलो नाही. बंद शाळेच्या बाईंनी तिथं जाऊन काय करायचं?

मे महिना जळगावचा. दारं-खिडक्या लावून, गोणपाटावर पाणी मारून माणसं पडून असायची. मिलच्या सेठच्या मुलीची आठवीची जुनी पुस्तकं बाबांनी आणून दिली होती आणि ताई ती एकेक करून वाचत होती. इतिहास संपला, भूगोल संपला, मराठीच्या कविता तिला पाठ झाल्या. मग बीजगणित निघालं. तिथं ती पहिल्याच पानावर अडली. आजवरच्या गणितांत आकडे होते, इथं मधेच अक्षर. तिनं मला विचारलं. मी सहावी पास, मला काय कळणार? बाबांना विचारलं, ते चौथीपर्यंत शिकलेले, त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून परत दिलं. मग तिनं आईला विचारलं, "आई, हे क्ष म्हणजे काय?"

आई गहू निवडत होती. म्हणाली, "जूनमध्ये कळेल. तुझ्या बाई सांगतील."

"तुला येतं ना?"

"येतं."

"मग सांग की."

"मी सांगितलं तर शाळा चालूच राहिली की नाही, शालू?"

ताईनं त्यावर वाद घातला नाही. पण तिनं विचारणंही सोडलं नाही. तिला हट्ट माहीत नव्हता, फक्त चिकाटी होती, आणि ती आईनंच लावलेली. रोज दुपारी कधीतरी ती विचारायची आणि आई तेच उत्तर द्यायची. एकदा काशीअक्का कैऱ्या घेऊन आल्या होत्या, त्यांच्यापुढंच हे झालं. अक्का आईवर करवादल्या, "माय व, पोर इचारी ऱ्हायनी ते सांगी दे ना. शाया बंद शे ते तोंडबी बंद शे का तुनं?" आईचा चेहरा उतरला. ती उठली, खिडकीतल्या डब्यातून तिनं खडूचा तुकडा काढला, भिंतीपुढं गेली. मला वाटलं, आता सांगते. ती त्या करड्या चौकोनापुढं उभी राहिली, मग खडू परत डब्यात टाकला आणि कैऱ्या चिरायला बसली. त्या क्षणी तिच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हा कळलं नाही. आज मला कळतं. तिला वाटत होतं, आपण एक गणित जरी सांगितलं तरी वर कुणीतरी ते आपला संशय म्हणून मोजेल आणि त्याची भरपाई पोरीकडून घेईल. जिनं आयुष्यभर देवाला बाप म्हटलं तिला त्याची अशी भीती घातली गेली, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. मी रविवारी उपासनेला जाते, गीतं म्हणते, आणि हा राग बरोबर घेऊन बसते.

मेच्या शेवटी ताईचे पाय सुजले. पडलं की दम लागायचा, म्हणून ती उशांना टेकून बसूनच झोपायची. बाबांनी रिक्षा आणली आणि तिला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगले होते, धावपळ करत होते, पण ते बाबांना बाजूला घेऊन जे बोलले ते बाबांच्या पाठीवरूनच मला कळलं. ताई शुद्धीवर होती. तिनं मला हळूच सांगितलं, "माझं बीजगणित काशीअक्कांच्या नातवाला देऊ नका, तो पानं दुमडतो." हे तिचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं. पुस्तकाबद्दल. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आई तिचा हात धरून प्रार्थना करत होती, आणि हात गार पडल्यावरही तिची प्रार्थना थांबली नाही, बाबांनी तिच्या खांद्याला धरून हलवलं तेव्हा थांबली.

घरी आणल्यावर बायकांनी तिला न्हाऊ घातलं. शिंप्यानं त्याच आठवड्यात गणवेश शिवून पाठवला होता, घडी मोडलेली नव्हती. आमच्या मंडळीच्या पाळकीणबाई चांगल्या मनानं म्हणाल्या, "विमलबाई, पोरीला तोच घालू या. तिची हौस होती." आई इतका वेळ भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "तो नको. त्या शाळेत ती कधी गेली नाही." आणि स्वतः उठून तिनं ताईचा घरातल्या शाळेत घालायचा फुलांचा झगा काढून दिला, ज्याच्या बाहीवर खडूची पांढरी बोटं होती. शाळा बंद झाली तेव्हापासून तो धुवायचा राहिला होता. त्याच झग्यात ताईला मातीत ठेवलं.

लोक धीर द्यायला आले. देवानं दिलं, देवानं नेलं, त्याला आवडली म्हणून नेली, सुटली बिचारी. आई सगळ्यांचं ऐकून घ्यायची. ते सगळे तिला ताईच्या मरणाबद्दल समजावत होते, आणि तिचं दुखणं निराळंच होतं. झडप खराब होती, डॉक्टरांनी कित्येक वर्षांपूर्वीच सांगितलं होतं, मरण ती मनात कुठंतरी धरूनच होती. तिला सोसत नव्हता तो मे महिना. एकदा मी शाळेतून आले तर ती उलथन्यानं भिंतीवरचा चुना खरवडत होती. चुन्याबरोबर काळा रंगही निघाला, खालचं सिमेंटही टवके उडून पडलं, आणि भिंतीला एक ओबडधोबड खड्डा झाला. बाबांनी तिच्या हातातून उलथनं काढून घेतलं. त्या जूनमध्ये शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात मी आमच्या शाळेतल्या आठवीच्या गणिताच्या बाईंना गाठून क्ष म्हणजे काय ते विचारून घेतलं होतं. कशाला विचारलं, मला सांगता येणार नाही. घरी मी ते कुणाला बोलले नाही.

वर्षानं पुन्हा मे आला आणि धुळ्याहून पाळकीणबाईंचा निरोप आला. पेपर तुम्हीच काढा, आणि धीराचे दोन शब्द बोला. तुम्ही इतक्या दुःखातून उभ्या राहिलात, बायकांना बळ येईल. आई जाईल असं मला वाटलं नव्हतं. तिनं पेपर काढले, आणि आम्ही दोघी गेलो. त्याच बायका होत्या, काही नव्या. मुलं परीक्षा देऊन आवारातल्या कडुलिंबाखाली खेळत होती. आई बोलायला उभी राहिली तेव्हा सगळ्या जणी सावरून बसल्या.

ती म्हणाली, "गेल्या वर्षी मी माझी शाळा बंद केली. मला वाटलं, याला विश्वास म्हणतात. माझी मुलगी महिनाभर मला एक गोष्ट विचारत होती. मला ती येत होती. मी सांगितली नाही. तुम्ही दमला असाल तर दमा. चिडा, रडा. पण मूल विचारतंय तोवर शाळा बंद करू नका. तुम्ही सांगितल्यानं देवाचा हात अडत नाही. एवढंच मला कळलंय, आणि ते उशिरा कळलं."

ती थांबली. आमेन कुणी म्हटलं नाही. धुळ्याचे पाळकसाहेब दारात उभे होते, त्यांना ती शांतता सोसवेना. ते मायेनं म्हणाले, "विमलबाई, असं मनाला लावून घेऊ नका. आपली शलोमी आता प्रभूच्या शाळेत शिकते आहे."

आई त्यांच्याकडे वळली. आवाज चढला नाही. "तिथं तिला कोण शिकवतं ते मला माहीत नाही, पाळकसाहेब. इथं मी होते."

मग ती खाली बसली आणि तिनं उत्तरपत्रिका पुढं ओढल्या. थोड्या वेळानं मागच्या रांगेतली एक बाई उठून तिच्याजवळ येऊन बसली. तोरणमाळकडच्या पाड्यावरची, अंगानं वाळलेली, कडेवर मूल. तिनं दबक्या आवाजात विचारलं, "बाई, माझ्या मोठीला भागाकार कळतच नाही. मी कसा सांगते ते चुकतं का?" आईनं लाल पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "कसा सांगता? मला सांगून दाखवा." मग दुसरी आली, तिसरी आली. एरवी शेवटी बायका प्रार्थनेसाठी नावं द्यायच्या, त्या दिवशी कुणी दिली नाहीत.

परतीची एसटी दुपारची होती. काचा तापलेल्या, वारा आला तर तोही भाजणारा. पारोळ्याच्या अलीकडं आई अचानक म्हणाली, "दया, तुला आता आठवी. क्ष म्हणजे काय, माहीत आहे का?"

मला वर्षापासून माहीत होतं. मी म्हटलं, "नाही."

ती माझ्याकडे वळून बसली. "तराजूच्या एका पारड्यात पोतं ठेवलंय. आत डाळ किती, कुणी सांगितलं नाही. त्याला आपण क्ष म्हणायचं. त्याच पारड्यात बाबांनी पाच किलोचं माप ठेवलं. दुसऱ्या पारड्यात वीस किलो ठेवल्यावर तराजू सरळ झाला. आता दोन्हीकडून पाच-पाच किलो काढ. तराजू हलेल का?" तिनं सावकाश सांगितलं, मग दुसरं उदाहरण घेतलं, मग तिसरं, जिथं पोती दोन होती. पारोळ्याला माणसं उतरली, चढली, तिचं लक्ष नव्हतं. घसा कोरडा पडला तरी पाणी प्यायली नाही. मी एकदाही मधे बोलले नाही. इतकं नीट, इतकं मागंपुढं बघून मला तिनं आयुष्यात कधी काही शिकवलं नव्हतं.

"आता तू सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं. पोतं, माप, दोन्हीकडून सारखं काढायचं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली, प्रत्येक पायरीला मान हलवत. माझं झाल्यावर म्हणाली, "बरोबर. शालूला एवढं सांगावं लागलं नसतं. तिला निम्म्यातच कळलं असतं."

आणि मग तिनं पदर तोंडाला लावला. ताईला मातीत ठेवलं त्या दिवशीसुद्धा मी आईला रडताना पाहिलं नव्हतं. कंडक्टरनं मागं वळून बघितलं आणि काही न विचारता पुढं गेला. एरंडोल येईपर्यंत ती रडत होती आणि मी आमची दोन तिकिटं हातात धरून बसले होते.